चाळिशीतल्या तारुण्यपिटिका

"अहो, ती साडी आधी ह्यांच्या अंगावरनं काढा बघू," नवरीची मावशी म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर टाकून दाखवा."

मी गादीवर उभा होतो. कमरेला निऱ्या खोचलेल्या, डाव्या खांद्यावर डाळिंबी कांजीवरमचा पदर, आणि जरीकाम नीट दिसावं म्हणून तो पदर दोन बोटांनी ताणून धरलेला. समोर बस्त्याला आलेलं सगळं खटलं बसलं होतं. नवरी, तिची आई, आत्या, मावश्या, कडेवरची पोरं आणि कंटाळून भिंतीला टेकलेले पुरुष. मावशी असं का म्हणाली ते विचारायची गरज नव्हती. तिची नजर साडीवर नव्हतीच, माझ्या गालावर होती.

"काय झालंय ओ तुमच्या तोंडाला? कांजिण्या न्हवं ना? लगीनघरची माणसं आहोत आम्ही."

"नाही हो मावशी. साध्या पुटकुळ्या आहेत. उष्णतेच्या."

"ह्या वयात?"

नवरी खुदकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला. मी पदर उतरवला, निऱ्या सोडल्या. शेजारच्या गादीवरून गजूमामा उठले, ती साडी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बघा मावशी. काठ बघा, रंग बघा. माझ्यावर इतकी खुलतीय, तर पोरीवर काय दिसंल!"

साडी खपली. मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

साडीच्या दुकानात साडी अंगावर लावून दाखवतो तो बाप्या असतो, याचं आपल्याकडे कुणालाच नवल वाटत नाही. मिशा असलेला माणूस शालू घेऊन उभा राहतो आणि त्याच्याकडे बघून आया आपल्या लेकीचं रूप ठरवतात. सांगलीच्या पेठेत आप्पासाहेब उगार्‍यांच्या दुकानात मी हेच काम करत होतो, आणि ते मला शिकवलं होतं गजूमामा कोष्ट्यांनी. ते माझे नात्याने कुणी नव्हेत. पेठेत सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांचा पहिला धडा असा, "उल्हास, साडी अंगावर घेतली की आपलं तोंड घरी ठिवून यायचं. गिऱ्हाइकाला साडी दिसली पायजे, तुझं थोबाड न्हवं."

माझं थोबाड या धंद्यासाठीच केलेलं असावं. गोरं, गुळगुळीत आणि कुणाच्या लक्षात न राहणारं. एकदा भर लग्नात माझ्या सख्ख्या मेव्हण्याने मला ओळखलं नव्हतं आणि वाढपी समजून जिलेबी मागितली होती. त्याच तोंडावर मी कित्येक वर्षं बस्त्याच्या गादीवर उभा राहून घर चालवलं. आणि आता चाळिशीला टेकल्यावर त्या तोंडाने असा डाव साधला होता.

कॉलेजच्या पोरांना येतात तसले ते बारके फोड नव्हते. हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, कानाखाली मोठे, लाल, आतून ठणकणारे गोळे यायचे. एक बसेपर्यंत शेजारी दुसरा तयार. दाढी करणं म्हणजे शिक्षा झाली होती. दुकानातल्या शिवाने तर बारसंच केलं. "काय उल्हासराव, तारुण्यपिटिका! दुसऱ्यांदा तारुण्य आलं की काय? वहिनींना ठाऊक आहे का?" सगळे हसायचे, मीही हसायचो.

वहिनींना, म्हणजे कुंदाला, ठाऊक होतंच. तिने दुधात जायफळ उगाळून लावलं, मुलतानी माती लावली, कडुलिंबाचा रस पाजला. माझं तेलकट बंद केलं, मग शेंगदाणे बंद केले, मग रविवारचं मटणही बंद केलं. शेवटी तिने हात टेकले. नववीतली माझी तेजू आरशासमोर तोंडाला क्रीम लावत असायची. एका सकाळी तिने ती ट्यूब माझ्यापुढे धरली.

"घ्या पप्पा. नुसता ठिपका लावायचा, चोळायचं नाही. आणि फोडायचे नाहीत, नाहीतर डाग राहतात."

बापलेक एका आरशापुढे उभे राहून तोंडाला ठिपके लावत बसलो. तेजू माझ्याकडे बघून हसली आणि मग हसता हसता एकदम थांबली.

"पप्पा, माझे वयाने आलेत. तुमचे कशाने आले?"

मी म्हणालो, उष्णतेने. सगळ्यांना तेच सांगत होतो.

पहिला फोड आला त्याच्या आधी काय घडलं होतं, ते आता सांगतो.

दरवर्षी संक्रांत झाली की मी आप्पांबरोबर बेंगलोरला जायचो. लग्नसराईचा माल तिथून यायचा. त्या वर्षी तिकिटांचं विचारायला गेलो, तर आप्पा मला माळ्यावर घेऊन गेले. जिना चढताना तीनदा थांबले. वर गठ्ठ्यावर बसून बराच वेळ छाती धरून दम खात राहिले.

"यंदा बेंगलोर नाही, उल्हास."

"मग माल?"

"आहे तोच विकायचा. लग्नं संपली की दुकान बंद. जागा दिली मी. डॉक्टरांनी हा जिनासुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय. पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. कुणासाठी ओढू आता?"

आप्पांनी मला समोर बसवलं.

"खरेदी तुझ्या हातात आहे, तुझ्यापासून लपवता येत नाही, म्हणून सांगतोय. समोर ते तीन मजली दुकान उभं राहतंय, बघतोसच. आज मी हे बोललो तर उद्या एक माणूस इथे राहणार नाही, आणि हा सगळा माल माझ्या उरावर पडेल. सराई संपली की मी स्वतः सगळ्यांना मानाने निरोप देईन. तोवर कुणाला कळता कामा नये."

"आणि नंतर त्यांनी कुठे जायचं, आप्पा?"

"तुझी सोय केलीय मी. कोल्हापूरला माझे साडू आहेत, त्यांच्या दुकानात."

मी बाकीच्यांचं विचारलं होतं. त्यांनी माझं सांगितलं.

मग त्यांनी मला खाली आणलं. दुकान अजून उघडायचं होतं. आमच्याकडे रोज शटर वर जायच्या आधी प्रत्येकाने गादीला हात लावून तो कपाळाला लावायचा अशी रीत होती. गादी म्हणजे पांढरी चादर घातलेली ती बैठक, जिच्यावर बसून आम्ही कापड दाखवायचो. त्या गादीशी खोटं बोलायचं नाही, असं सगळे मानायचे. आप्पांनी माझा हात तिच्यावर ठेवला.

"तोंडातून शब्द काढणार नाहीस."

"नाही काढणार, आप्पा."

नाही म्हणता येतं हे मला सुचलंच नाही. ज्या माणसाने मला उभं केलं तो धापा टाकत समोर उभा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जेवणाच्या सुट्टीत गजूमामांनी डबा उघडता उघडता मला खेटून बसून सांगितलं, "समोरची माणसं काल घरी आली हुती."

"कशाला?"

"बस्त्याचा अख्खा मजला माझ्या हाताखाली देतो म्हणत्यात. पाडव्याला उघडणार हायत. त्याच्या आत सांगा म्हणाले. एकदा माणसं भरली की पुन्हा जागा न्हाई."

माझा घास हातात राहिला. "मग? काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? जायचं मनातच न्हाई. आप्पांनी मला मिसरूड फुटलं न्हवतं तवापास्नं संभाळलंय. सराईच्या तोंडावर सोडून जाऊ? थुंकतील लोक." मग डबा बाजूला ठेवून ते हसले. "आणि सुमीचं लगीन ठरलंय दिवाळीनंतर, सांगितलं का तुला? तिच्या बस्त्याला मी हितंच येणार. गिऱ्हाईक म्हणून बसणार, लोडाला टेकून. तू दाखवायच्या साड्या. मी नुसतं नावं ठिवणार."

दिवाळीनंतर तिथे दुकान असणार नव्हतं. गादी असणार नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मग पेठेत कोण उभं करणार होतं?

"दाखवीन की मामा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना हनुवटीवर काहीतरी दुखलं. तो पहिला.

तर त्या मावशीच्या बस्त्यानंतर आप्पांनी मला बोलावलं. त्यांनाही अवघड वाटत होतं.

"उल्हास, थोडे दिवस आहेराच्या काउंटरला बस. टॉवेल-टोपी, ब्लाऊजपीस बघ. तोंड जरा नीट झालं की ये परत."

"बरं, आप्पा."

टॉवेल-टोपीला कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. दिवसभर टोप्यांचे डझन बांधायचे, आणि समोर बस्त्याच्या गादीवर गजूमामा एकटे दोघांचं काम ओढताना बघायचं. दिवसाअखेरी त्यांची कंबर धरायची. संध्याकाळी साड्यांचा ढीग घड्या घालताना ते मला हाक मारायचे आणि आम्ही समोरासमोर बसून न बोलता घड्या घालायचो. पूर्वी याच वेळी आमच्या गप्पांना ऊत यायचा. आता मी तोंड उघडायलाच भ्यायचो. रात्री झोप नाही, सकाळी उठलं की अंग मोडून आलेलं, आणि आरशात नवा फोड. मला इतका थकवा पुन्हा कधी आला नाही.

"यंदा बेंगलोरचा माल कसा न्हाई आला रं?" मामांनी एकदा विचारलं.

"आप्पांची तब्येत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. तरीही कानाखाली एकदम ठणकलं.

शेवटी मामांनीच मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दारात हजर. "चल. मिरजेला कातडीच्या डॉक्टरीणबाई हायत, माझ्या मेव्हणीचं नायटं घालवलं त्यांनी."

"मामा, कशाला? जाईल आपोआप."

"आपोआप जायला पावणा हाय का? टॉवेल-टोपीला बसून कुजायचंय तुला? सराई तोंडावर आली. मला बस्त्याला तू पायजेस." आणि कुंदाकडे वळून, "वैनी, ह्याला शर्ट घालायला लावा."

दवाखान्यात बाकावर आम्ही दोघे बसलो. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरंपोरी. नंबर आला तसे मामाही माझ्याबरोबर आत शिरले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत होत्या. त्यांनी दिव्याखाली माझी हनुवटी इकडून तिकडून वळवून पाहिली.

"पूर्वी कधी आले होते? तरुणपणी?"

"नाही."

"कधीपासून आहेत?"

"संक्रांतीनंतर."

"झोप?"

माझ्याआधी मामा म्हणाले, "न्हाई झोपत त्यो. डोळं बघा की."

बाई हसल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या वयाला असे फोड अचानक आले तर आम्ही दोन-चार गोष्टी विचारतो. कुठली औषधं घेता का, तोंडाला काय काय चोळता, आणि मनावर कसला ताण आहे का. ताण वाढला की शरीरात काही रसायनं वाढतात. त्यामुळे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडू शकतात, सूजही वाढते. एकट्या ताणाने येतात असं मी म्हणत नाही, पण असलेलं दुखणं तो भडकवतो. औषध मी देते, त्याला वेळ लागेल. पण आतलं तसंच राहिलं, तर एक गेला की दुसरा येत राहील. काय झालं संक्रांतीनंतर?"

बाजूच्या खुर्चीवर माझ्या दुखण्याचं कारण बसलं होतं, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्याकडे काळजीने बघत.

"काही नाही," मी म्हणालो. "काही टेन्शन नाही."

"सांग की लेका," मामा म्हणाले. "डॉक्टरपाशी लाजायचं न्हाई. वैनीशी काय वाजलं का? घरात काय कमीजास्त? मी भाईर जाऊ का?"

"नाही हो मामा. खरंच काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे. मग त्यांनी गोळ्या आणि मलम लिहून दिलं. बाहेर आल्यावर मामांनी मला रसवंतीवर नेलं. उसाचा रस त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"उल्हास, तुझ्या पोटात कायतरी हाय. मी इचारणार न्हाई. पण तू माझ्यापासनं कधी लपवलं न्हाईस, म्हणून वाईट वाटतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली बघून रस पीत राहिलो. त्या क्षणी बोलून टाकलं असतं तर सगळं संपलं असतं. पण गादीवर ठेवलेला हात आठवला, आप्पांची धाप आठवली. आप्पा माझे वैरी नव्हते. ते वैरी असते तर फार सोपं झालं असतं.

पाडवा जवळ आला. समोरच्या दुकानावर मोठी पाटी चढली, रोषणाईच्या माळा लागल्या. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे घड्या घालायला बसलो होतो. गल्ल्यावर आप्पा चष्मा लावून बसलेले, आमचं सगळं बोलणं ऐकू जाईल इतके जवळ. गजूमामा खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी जाऊन सांगून येतो त्यास्नी. न्हाई येत म्हणून. एकदाचं मिटवून टाकतो." आणि मग, नुसतं बोलायचं म्हणून, "तू काय म्हणतोस?"

माझ्या हातात त्याच डाळिंबी कांजीवरमच्या जातीची एक साडी होती, नवी कोरी. आमच्या दुकानात एक रीत होती, आप्पांच्या वडिलांपासूनची. साडीत कुठे डाग, फाटका धागा, जरीत तूट दिसली, तर गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही. साडीची घडी उलटी घालायची, आतली बाजू वर. मग ती कुणाच्याही हातात गेली तरी तो माणूस समजायचा की ही चांगली नाही, हिच्यावर भरवसा ठेवून गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा नाही. ही खूण दुकानाबाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हती.

मी ती साडी घेतली आणि उलटी घडी घातली.

मामांनी ती उचलली, चाळली. "आरं, हिला काय झालं? चांगली हाय की. डाग कुठाय?"

मी दुसरी साडी घेतली, तीही नवी. तिची उलटी घडी घातली. मग तिसरी. मी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांच्या डोळ्याला डोळा देत होतो.

मामांनी त्या तीन घड्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर वर गेली, मागच्या फळ्यांवर. एरवी पाडव्याला बेंगलोरच्या मालाने गच्च भरलेल्या असायच्या त्या फळ्यांवर या वर्षी मोकळ्या जागा होत्या. ते एकेक फळी बघत गेले. शेवटी त्यांनी गल्ल्याकडे, आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं.

त्यांनी माझ्या त्या तिन्ही साड्या उलगडल्या, सुलट घडी घालून फळीवर जागच्या जागी ठेवल्या, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजूमामा आले, गादीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आप्पांच्या पाया पडले.

"आप्पा, मी समोर जातोय. पोरीचं लगीन हाय. माफ करा."

आप्पांनी अडवलं नाही. ते फक्त सावकाश माझ्याकडे वळले. मी टोप्यांचे डझन बांधत होतो. आठवडाभरात शिवाही गेला, त्याच्या मागून आणखी एक. मी उरलो, आणि नवीन घेतलेली दोन माणसं. फोड असोत नसोत, मला परत बस्त्याच्या गादीवर उभं राहावं लागलं. साड्या दाखवायला दुसरं कुणी नव्हतंच.

ती सराई मी कशी काढली ते माझं मलाच ठाऊक. सकाळपासून साड्या अंगावर चढवायच्या, उतरवायच्या, घसा बसेपर्यंत बोलायचं आणि मग एकट्याने घड्या घालायच्या. पाय सुजायचे. पण आप्पांचा माल मी विकला. जमेल तेवढा तरी विकलाच. आणि घरी गेलो की जेवता जेवताच डोळे मिटायचे. तेजू म्हणायची, "पप्पा घोरायला लागले, आता बरे होणार."

आणि मी बरा होत होतो. एकदम नाही. आधीचे फोड बसायला पुष्कळ दिवस लागले, काळे डाग मागे राहिले. पण नवे येणं थांबलं. मलमाने थांबलं की कशाने, ते डॉक्टरीणबाई सांगू शकल्या असत्या. मी मलम नेमाने लावत होतो, एवढं खरं.

एक गोष्ट मात्र मनाला लागत होती. गजूमामा माझ्याशी बोलत नव्हते. रस्ता ओलांडला की त्यांचं दुकान. सकाळी शटर उघडताना ते समोर दिसायचे, आणि दिसले की मान वळवायचे. चहाच्या गाड्यावर मी गेलो तर अर्धा कप तसाच ठेवून निघायचे. मी समजलो, इतके दिवस लपवून ठेवलं याचा त्यांना राग आहे. तो बरोबरच होता, पण सोसत नव्हता.

शेवटचं लग्न झालं. आप्पांनी उरलेल्या आम्हा तिघांना बोलावून सांगितलं, पेढे दिले. बाकीचे गेल्यावर मला थांबवलं.

"बस. तुझं तोंड स्वच्छ झालं रे."

"डाग आहेत, आप्पा."

"डाग असूदेत. नवा फोड नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी रोज बघत होतो. गजू गेला आणि नवा फोड आला नाही. मी कापडवाला आहे, उल्हास. धागा कुठे तुटला ते मला कळतं."

"मी तोंडातून शब्द काढला नाही, आप्पा. गादीची शपथ."

"ठाऊक आहे. गजूसमोर तू गप्पच होतास, मी गल्ल्यावर होतो. कसं सांगितलंस ते विचारत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तू येतोयस असं साडूंना मी कळवलेलं नाही. कळवणार होतो, पण मन झालं नाही. लहानपणाची सवय आहे माझी, रागावलो की राग लवकर जात नाही."

"बरोबर आहे, आप्पा."

"बरोबर कुठलं!" ते एकदम खेकसले, आणि लगेच आवाज उतरला. "तुला गादीवर हात ठेवायला लावायला नको होतं मी. जा आता."

मी त्यांच्या पाया पडलो. गादीला शेवटचा हात लावला. बाहेर आलो तर पेठ उन्हाने तापलेली. हातात पेढ्याची पुडी, घरी कुंदाला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. अंगात त्राण नव्हतं, आणि तरी मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी.

"उल्हास!"

समोरच्या दुकानाच्या पायरीवर गजूमामा उभे होते. कंबरेवर हात, चेहऱ्यावर राग.

"आरं बघत काय हुबा राहिलास? वर ये. बस्ता आलाय माझ्याकडं, माणूस न्हाई."

"मामा, तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात."

"बोललो असतो आणि आप्पांनी बघितलं असतं, तर? कुणी सांगितलं ते त्यांना त्याच दिवशी कळलं असतं. साडूंच्या दुकानात तुझी सोय लावलीय, ते मागनं माझ्या कानावर आलं हुतं. ते कोल्हापूर गेलं असतं तुझं."

"ते गेलंच, मामा."

माझ्या हातातली पुडी त्यांनी काढून घेतली, दंडाला धरून मला जिन्यावरून वर नेलं. वर प्रशस्त मजला, नव्या ट्यूबलाईट, नवी गादी. गादीसमोर एक खटलं बसलेलं, नवरी, आई, आत्या. मामांनी एक अंजिरी शालू झटक्यात उलगडला आणि माझ्या डाव्या खांद्यावर टाकला. निऱ्या त्यांनीच खोचल्या.

नवरीच्या आईची नजर साडीवरून माझ्या चेहऱ्यावर गेली. गालावरच्या काळ्या डागांवर थांबली. मी सवयीने मान बाजूला वळवू लागलो, तर मामांनी हनुवटीला धरून माझं तोंड सरळ केलं.

"हेच्याच अंगावर बघा, वैनी," ते म्हणाले. "ह्यो माणूस सांगंल ती साडी डोळं झाकून घ्या. हेच्या तोंडावर खोटं टिकत न्हाई."